लोखंडी पिंपळाचं किडकं पान

शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला एक लोखंडी झाड उभं आहे. खोड जुन्या नळांचं, फांद्या मोडक्या शाफ्टांच्या, बुंध्याशी दात पडलेल्या गिअरांची मुळं. पानं पिंपळाची, तळहाताएवढी, बोटभर जाडीची, कड्यांत अडकवलेली. साध्या वाऱ्याला ती दाद देत नाहीत. वळवाचं वारं सुटलं की मात्र एकमेकांवर आपटतात आणि ओढ्याकाठी कुणी भांडी घासत बसल्यासारखा आवाज येतो.

नवा माणूस आला की झाडाखाली थांबतो, मान वर करतो आणि हटकून एकाच पानाकडे बोट दाखवतो. उजव्या फांदीवरचं, टोकाचं. त्याला किडीनं खाल्ल्यासारखी भोकं आहेत, एक कड कुरतडल्यासारखी आहे.

"ह्ये बगा, ह्ये अगदी खरं वाटतंय की!"

ते पान जिच्या हेव्यातनं जन्मलं, ती आमच्या गडमुडशिंगीची सरुबाई. मी तिला आक्का म्हणायचो. ती कोर शॉपला आणि मी मोल्डिंगला, साचे करायला, एकाच छपराखाली आम्ही पुष्कळ वर्षं काढली.

कोर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सरुबाईचं सगळं दुःख त्या कोरमध्ये आहे. पंपाची बॉडी आतून पोकळ असते. ती पोकळी करायची तर तेवढ्या आकाराचा वाळूचा गोळा साच्यात बसवावा लागतो. वितळलेलं लोखंड त्याच्याभोवती भरतं, थंड होतं, मग आतली वाळू ठोकून काढून टाकतात. तो वाळूचा गोळा म्हणजे कोर. वाळूत साखर कारखान्याची मळी आणि तेल कालवायचं, लाकडी पेटीत ठासायचं, पेटी उलटी करून अलगद सोडवायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. भाजताना गुऱ्हाळासारखा वास सुटतो. ही कामं बायकांची. गड्यांच्या हातात ती नजाकत नाही, हे मी मोल्डर असून सांगतो.

सरुबाईच्या कोरला तोड नव्हती. धार अशी, की कोयत्याची वाटावी. पण ती कोर लोखंडाच्या पोटात जायची आणि तिथंच फुटून मरायची. पंप बाहेर पडला की रंगवणाऱ्याचं कौतुक, मशीनवाल्याचं कौतुक, मालकाच्या नावाची पट्टी.

"आमचं काम म्हंजे बाळंतपणातली वार," ती म्हणायची. "पोराला समदी बघत्यात. वार कोण बघतंय?"

म्हणून तिनं एक गोष्ट सुरू केली होती. सन एकोणनव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या आवारात कंपाउंडच्या भिंतीला चिकटून आपोआप उगवलेला एक पिंपळ होता. बायका त्याच्या सावलीत जेवायला बसायच्या. सरुबाई त्याचं कोवळं, तांबूस पान खुडायची, पोलक्यात जपून आत आणायची आणि ओल्या कोरवर उपडं दाबायची. टाचणीनं पान सोलून काढलं की वाळूत त्याच्या शिरा न् शिरा उमटायच्या. तशीच भाजायची. म्हणजे पंप तयार झाला की त्याच्या पोटात, आतल्या अंगाला, लोखंडाचं एक पान. दिवसाकाठी एकाच कोरवर. तपासणाऱ्याला दिसत नसे आणि पाण्यालाही अडथळा होत नसे.

कशाला करतेस म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा हातातली वाळू ठासत तिनं सांगितलं, "माझी आय पाटलाच्या हिरीवर घागर घिऊन उनात उभी ऱ्हायची, ज्ञानू. कुणीतरी वरनं वतंल तवा पाणी. हिरीला हात लावायचा न्हाई. आता त्याच हिरीत आपल्या कारखान्याचा पंप हाय. त्यात माझं पान हाय. समद्या गावाचं पाणी माझ्या पानावरनं जातंय."

पुढं तो विषय तिनं कधी काढला नाही, मीही काढला नाही.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरी शालूबाई.

शालूबाई कुरुंदवाडकडची, आमच्या गावात दिलेली. घरी दोन एकर ऊस, दोन म्हशी. नवऱ्याचं शेतीत भागेना म्हणून कामाला आली. गोरीगोमटी, तोंडाची गोड, हसली की ओव्हनजवळही गार वाटायचं. सरुबाईनंच तिला काम शिकवलं. वाळू मुठीत दाबून फोडायची कशी, तारेनं हवेची भोकं पाडायची कशी, भाकरीसारखा खरपूस रंग आला की ट्रे ओढायचा कसा. जीव लावला आणि एके दिवशी पानही दाखवलं.

शहाण्णव साली मालकांनी विजेची नवी भट्टी घ्यायचं ठरवलं. जागा एकच होती, पिंपळाची. पिंपळाला कुऱ्हाड लावायला आमच्यातला एकही गडी तयार होईना. शेवटी मालकांनी बाहेरनं माणसं आणली आणि दोन दिवसांत झाड आडवं केलं. मालक म्हणजे हंबीरराव. माणूस धीट, पण आईपुढं मांजर. पिंपळ तोडल्याचं म्हातारीच्या कानावर गेलं आणि तिनं जेवण सोडलं.

हंबीररावांची मुलगी स्नेहल तेव्हा कोल्हापुरात चित्रकला शिकत होती. तिनं तोड काढली. "आज्जी, त्याच जागंजवळ आपण लोखंडाचं झाड उभं करूया. यंत्रानं झाड खाल्लं न्हवं? मग यंत्राच्याच हाडांचं झाड करायचं. पानं मात्र त्याच पिंपळाची पाहिजेत."

"लोखंडाला पिंपळाचं पान कसं फुटंल गं?" म्हातारीनं विचारलं.

हाच प्रश्न घेऊन स्नेहल कोर शॉपमध्ये आली. पडलेल्या झाडाच्या पानांची पाटी तिच्या हातात होती. सरुबाई त्या वेळी ओव्हनपाशी होती, तोंड घामानं भिजलेलं, पाठ दाराकडं. ती वळेपर्यंत शालूबाईनं पाटीतलं पान उचललं, ओल्या वाळूवर उपडं दाबलं, टाचणीनं सोललं आणि पेटी पुढं केली.

"असं की वो, ताईसाब."

स्नेहल बघतच राहिली. "शालूबाई, हे तुम्हांला कसं सुचलं?"

शालूबाई हसली. फक्त हसली. मला सुचलं असं ती म्हणाली नाही, आणि आक्कानं शिकवलं असंही म्हणाली नाही. मी दारात उभा होतो. सरुबाईच्या हातातला ट्रे बघत होतो. तो हलला नाही. पण तिचा चेहरा जास्त भाजलेल्या कोरसारखा झाला, वरून काळा आणि बोट लावताच भुगा होईल असा.

जेवणाच्या सुट्टीत तिनं शालूबाईला गाठलं. आता पिंपळ नव्हता. बायका पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या.

"पान कुणाचं गं?"

"झाडाचं की, आक्का."

"झाडाचं म्हाईत हाय मला. वाळूत कुणी घातलं पैलं?"

"आता त्ये काय कुणी लिवून ठेवलंय? दाव मला एक तरी, मी म्हणीन तुझं."

सरुबाईची शेकडो पानं होती, पण सगळी पंपांच्या पोटात आणि पंप विहिरींच्या पोटात. चालता पंप कोण फोडून दाखवणार? ज्या गुपितावर ती एवढी वर्षं मनातल्या मनात मिरवली, त्याच गुपितानं तिचं तोंड बंद केलं.

पानांचं काम शालूबाईकडं गेलं. तिला वेगळं टेबल मिळालं. स्नेहल रोज यायची, तिच्यासाठी चहा यायचा. सरुबाई शेजारी बसून पंपाच्या कोरा ठासायची, पहिल्यासारख्याच, बिनचूक. पण पंपांच्या कोरवर पान दाबायचं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

हेवा ही चीज मी जवळून बघितली ती तेव्हा. माणूस रागावला की बोलतो, दुखावला की रडतो. हेवा आला की तो बघत राहतो. सरुबाई बघायची. शालूबाईनं पान कुठं धरलं, शीर कुठं चेपली, देठ कसा तुटला. घरी जाताना सायकलच्या कॅरिअरवर माझ्या मागं बसून ती सगळ्या चुका मला मोजून दाखवायची.

"तिची शीर मधीच बुजत्या. मी असतो तर बुजली नसती."

आमच्याकडच्या बायका स्वतःला 'मी असतो' असंच म्हणतात. सरुबाई म्हणायची तेव्हा त्यात गड्याचा जोर असायचा.

"मग सांग की तिला."

"मी का सांगू? कौतुक तिचं, शानपन माझं?"

एकदा मी म्हटलं, "आक्का, काम चांगलं झालं म्हंजे झालं. कुणाचं का असंना."

ती उड्डाणपुलाच्या अलीकडंच सायकलवरनं उतरली आणि बाकीची वाट चालत गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. भट्टी बंद ठेवतात, घण, लोखंड ओतायची पळी, पेट्या धुऊन हळदकुंकू लावतात. त्याच दिवशी झाड उभं करायचं ठरलं होतं. आठवडा राहिला होता आणि शेवटची पानं व्हायची होती. शालूबाईनं एके दिवशी ट्रे भरला तो तिच्या सगळ्या कामात उजवा. एका पानाच्या शिरा तर अशा उमटल्या होत्या, की वाळू श्वास घेईल असं वाटावं. तिनं ट्रे ओव्हनच्या वरच्या फळीवर ठेवला आणि म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून घरी गेली.

ओव्हनमध्ये वरची फळी तापते, खालची, दाराजवळची, कोमट राहते. खालच्या फळीवरच्या कोरला वरून रंग येतो, आतून ती कच्ची राहते. कच्ची कोर साच्यात बसवली की लोखंड ओतताना आतल्या ओलीची वाफ होते, ती वाट काढत लोखंडात घुसते आणि वस्तूला भोकं पडतात. कोर शॉपमधल्या बाईला हे स्वतःच्या चुलीइतकं ठाऊक असतं.

सरुबाईनं काही मोडलं नाही, काही सांडलं नाही. एक ट्रे वरच्या फळीवरनं काढून खाली ठेवला, खालचा वर केला. तव्यावरची भाकरी बाजूला सरकवावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या पानांत लोखंड मी ओतलं. पहिले सात साचे आधीच्या ट्रेमधल्या कोरांचे, ते नीट भरले. आठव्यात पळी कलती केली आणि साचा आतून खदखदायला लागला. मागं व्हायच्या आत भसकन आवाज झाला, ठिणग्यांचं किटाळ उडालं आणि उजव्या बुटाच्या वरच्या अंगाला एक थेंब आत शिरला. बूट ओढून काढेपर्यंत थेंबानं त्याचं काम केलं होतं.

मी घरी पडून होतो. पहिल्याच संध्याकाळी सरुबाई आली. चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून आणलेलं. स्वतःच्या हातानं लावलं. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. ही बाई कुणाच्या दुखण्याला अशी धावणारी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आक्का, कोर कच्ची कशी ऱ्हायली?"

ती माझ्या पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी फळी बदलली. पान खराब व्हावं म्हनून. तुजा पाय मधी यील ह्ये ध्यानात न्हाई आलं, ज्ञानू. ध्यानात यायला जागाच न्हवती डोस्क्यात."

पाय जळत होता. तिचं त्याहून जास्त काही जळत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला काठी टेकत मी कारखान्यात गेलो. झाड उभं होतं. झेंडूच्या माळा, गुलाल, मालकांची आई खुर्चीत. स्नेहलचे कॉलेजातले एक सर आले होते, दाढीवाले, अबोल. ते झाडाभोवती दोनदा फिरले आणि टोकाच्या एका पानापाशी थांबले.

ते आठवं पान होतं. गड्यांनी भंगारात टाकलं होतं, स्नेहलनं ते उचलून आणून लावलं होतं. मधोमध तीन भोकं, कड झडलेली, बाकी शिरा धारदार.

"बाकीची पानं सुंदर आहेत," सर म्हणाले. "पण ती पेटीतली आहेत. झाडावर अखंड पान कुठं असतं? कुणीतरी ते खात असतंच. हे पान ज्यानं केलं, त्याला झाड कळलंय. कुणी केलं हे?"

बायकांनी शालूबाईला पुढं ढकललं. मालकांच्या आईनं तिला साडी आणि नारळ दिला. बुंध्याशी एक लहान पट्टी बसवली होती, तिच्यावर स्नेहलचं नाव आणि खाली 'पाने : शालूबाई' असं लिहिलेलं. टाळ्या झाल्या.

सरुबाई मागं उभी होती, पदराचा बोळा मुठीत धरून. आणि मग तिच्या तोंडातनं ते निघालं. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत.

"त्ये पान कच्चं हाय! ती भोकं मी पाडल्यात!"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोरीच्या हट्टाला हसावं तसे हसले. हंबीरराव म्हणाले, "आक्का, तुमचंबी काम चांगलंच हाय की वो. कोण न्हाई म्हनतंय? पुढच्या दसऱ्याला तुम्हालाबी साडी." सरांनी चष्मा पुसला. कुणीतरी पेढे वाटायला सुरुवात केली.

तिनं खरं सांगितलं होतं. नोकरी जाईल, पोलीस येतील, हे ठाऊक असून सांगितलं होतं. आणि लोकांना त्यात नुसता हेवा ऐकू आला. माझ्या पायावर बँडेज होतं. मी बोललो असतो तर तिचं खरं ठरलं असतं आणि ती त्याच दिवशी फाटकाबाहेर गेली असती. मी पेढा घेतला.

जेवणाच्या सुट्टीत शालूबाई आपला डबा घेऊन सरुबाईच्या समोर येऊन बसली. नवी साडी बाजूला ठेवली.

"माझा टिरे खाली कुणी आणला, मला दुसऱ्याच दिवशी कळलंतं," ती म्हणाली. "खालच्या फळीवर पापडबी भाजत न्हाई."

"मग बोंबलली का न्हाईस?"

शालूबाईनं भाकरी मोडली. "पान माझंच हाय. त्येच्यातली भोकं तुझी. तेवढी घे. आन जेव आता गप."

त्या दिवसापासून तिनं एक खोडी सुरू केली. पाहुणा झाडाखाली थांबला, किडक्या पानाकडं बोट केलं, की शालूबाई कोर शॉपच्या दारातनं ओरडायची, "आवं पावणं, पान माझं हाय! भोकं तेवढी आमच्या सरुबाईची!" पाहुणे हसायचे. सरुबाई आतनं शिवी द्यायची. हा मान होता की टोमणा, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण शालूबाई एखाद्या दिवशी ओरडायची विसरली, तर आत वाळू ठासायचा आवाज जरा वाढायचा, हे मी ऐकलेलं आहे.

अशी नऊ वर्षं गेली. दोघी शेजारी बसून काम करायच्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त.

सन दोन हजार पाचच्या पुरात पंचगंगेनं काठची शिवारं आठवडाभर पाण्याखाली ठेवली. पाणी ओसरलं तसे विहिरींतले, नदीकाठचे जुने पंप गाळानं भरून निकामी झाले आणि भंगाराच्या ट्रकांतनं आमच्याकडं यायला लागले. ज्या भट्टीतनं जन्मले, तिच्याकडंच वितळायला. भंगाराच्या ढिगावर दोन गडी घणानं पंप फोडत बसायचे.

सरुबाई आता पिकली होती, केस पांढरे, गुडघे धरलेले. तरी सुट्टीत ती जेवण टाकून ढिगावर जायची. फुटलेल्या बॉडीचा तुकडा उचलायचा, आतल्या अंगावरचा गाळ पदरानं पुसायचा, टाकायचा. गडी चेष्टा करायचे, "आक्का, सोनं गावलं तर आमाला अर्दं." ती पुढचा तुकडा उचलायची. पंधरा दिवस असे गेले. बहुतेकांच्या आत गंजाच्या खपल्यांशिवाय काही नव्हतं.

सोळाव्या दिवशी तिनं मला हाक मारली नाही. सरळ कोर शॉपमध्ये गेली आणि शालूबाईच्या मांडीवर लोखंडाचा एक जड तुकडा ठेवला. मी मागोमाग गेलो.

आत पान होतं. पाण्यानं पंधरा-सोळा वर्षं झिजवलेलं, गंजानं तांबूस झालेलं. कोवळं पान खुडताना असतं, अगदी त्याच रंगाचं. शेंड्याचं लांब टोक शाबूत होतं. मधली शीर आणि डाव्या अंगाच्या पाच-सहा शिरा स्पष्ट, उजवीकडच्या पाण्यानं नेलेल्या.

"म्हनलीवतीस न्हवं, दाव एक तरी म्हनून?"

शालूबाईनं अंगठा ओला करून शिरांवरनं फिरवला. पुन्हा फिरवला. मग तुकडा उचलून उजेडाला धरला, आणि तो तसाच घेऊन बाहेर झाडाखाली गेली. सरुबाई मागं, मी तिच्या मागं. शालूबाईनं पट्टी वाचावी तशी बुंध्याकडं एकदा बघितलं. मग झाडावरचं आपलं एक पान हातानं आपल्याकडं वळवलं आणि त्याच्या शेजारी तो तुकडा धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"तुझं हाय," ती म्हणाली. "पैलं तुझंच हाय."

सरुबाईनं तुकडा परत घ्यायला हात पुढं केला.

"पर शिरा माझ्या पानाच्या चांगल्या हायत," शालूबाई म्हणाली.

"तुझ्या? तुझी मधली शीर बघ, बुजलीया!"

"बुजली कुठं? डोळं फुटलं काय तुझं?"

"सोळा वर्सं पाण्यात टाक तुझं पान, मग बोल!"

आणि त्या दोघी त्या लोखंडी झाडाखाली उभ्या राहून, फाटकावरच्या वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात भांडायला लागल्या. नऊ वर्षं सरुबाई एकटीच दोघींची पानं मनातल्या मनात शेजारी ठेवून बघत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं कुणीतरी बघत होतं. तिचा चेहरा मी बघितला. तोंडानं ती शिव्या देत होती.

पट्टीवरचं नाव बदललं नाही. बदला असं तिनं म्हटलंही नाही. तुकडा तिनं घरी नेला. स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दुधाचं पातेलं असतं, त्याच्या झाकणावर मांजर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. पानाची बाजू वर. आता ती कामावर येत नाही. मी कधी गेलो तर चहा टाकते आणि हळूच विचारते, "शालीची मधली शीर अजून तशीच बुजल्याली हाय न्हवं रं?"

व्हय म्हणालो, की मगच साखर हलवते.